त्यात आहे काय!

स्वतःच्या गाडीचे ब्रेक स्वतःच्या हाताने बदलणाऱ्या माणसाला कमीत कमी चार माणसं लागतात. एक टॉर्च धरायला, एक पेडल दाबायला, एक मागितलेला पाना सोडून भलताच हातात द्यायला आणि एक नुसतं बघायला. यातलं चौथं माणूस सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर बाकीच्या तिघांवर डाफरायचं कुणादेखत?

डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय म्हणून गाव आहे. तिथल्या आमच्या गल्लीत ही मनुष्यबळाची सोय आम्ही शेजारीपाजारी मिळून करतो. ज्यांच्यासाठी करतो ते दादा मात्र भेटेल त्याला सांगत असतात, की या देशाने मला एकच गोष्ट शिकवली, आपलं काम आपण करावं.

इथल्या मराठी मंडळातले सगळे त्यांना दादा म्हणतात. वय साठीच्या अलीकडे, अंग काटक, मिशी अजून सांगलीचीच. वालचंद कॉलेजचे मेकॅनिकल. ओळख करून देताना हे नावाच्या आधी येतं. नोकरी एका मोटार कंपनीत, तीही ब्रेकच्याच खात्यात. पण ब्रेकच्या खात्यात म्हणजे कॉम्प्युटरवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पडद्यावरच्या शेकडो गाड्या बर्फावर, ओल्या रस्त्यावर, घाटाच्या उतारावर करकचून थांबवतात आणि घरी आल्यावर त्यांना हात धुवायचीसुद्धा गरज पडत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. या माणसाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कानस घासून घासून तळहाताला फोड आणले होते. लोखंडाचे दोन तुकडे तासून एकमेकांत बसवायचे, मधून उजेड दिसता कामा नये, असा तो जॉब. दादांचा इतका चोख बसला होता की वर्कशॉपच्या सरांनी तो हातात घेऊन एक अक्षर न बोलता खाली ठेवला. सांगलीत यापेक्षा मोठी दाद नाही. तो जॉब दादांनी अमेरिकेला आणला. विमानतळावर सामान जास्त भरलं तेव्हा त्यांनी लोणच्याची बरणी काढून सासऱ्यांच्या हातात दिली आणि लोखंड राहू दिलं. वहिनी हे सांगतात, पण सांगताना हसत नाहीत.

आता असल्या माणसाच्या हातात इतकी वर्षं नुसता माउस दिल्यावर ते लोखंड कुठून तरी उसळून येणारच. सुरुवातीला ते घरातल्या डिशवॉशरवर आलं, मग बेसमेंटच्या नळांवर, मग मंडळाच्या गणपतीच्या मखरावर. प्रत्येक वेळी आधी एकच वाक्य व्हायचं: ‘त्यात आहे काय!’ या वाक्याबरोबर डावा हात हवेत उडतो. वहिनी तो हात उडालेला पाहिला की पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते आठवून ठेवतात.

मग एका वसंतात गाडी आली. माझ्दा मियाटा, १९९६ ची, लाल, छत मागे दुमडणारी, आणि बसायला दोन सीट. घरात माणसं चार. ‘उरलेल्या दोघांनी काय करायचं?’ असं वहिनींनी विचारलं, तर दादा म्हणाले, ‘आलटून पालटून घरी बसायचं.’ गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबलं की टकामका वर येतात. गल्लीतून जाताना दादा ओळखीच्यांना हात करत नाहीत, दिवे वर करतात. गाडीचा कुलवृत्तांत त्यांना मुखोद्गत आहे. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली, जुन्या इंग्रज स्पोर्ट्‌स कारचं रूप घेतलं पण त्यांचं तेल गळणं घेतलं नाही, दोन सीटच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत जगात सगळ्यात जास्त खपलेली म्हणून गिनेसमध्ये नोंद, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. हे सगळं ते पाहुण्यांना चहा येईपर्यंत सांगून संपवतात. चहा आल्यावर इंजिन.

डेट्रॉइटमध्ये राहून जपानी गाडी? असं कुणी खवचटपणे विचारलं तर दादा त्याला मिठाकडे नेतात. हे एक खरंच ऐकण्यासारखं आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली हजारएक फुटांवर मिठाची खाण आहे, गेल्या शतकाच्या आरंभापासूनची. आणि इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात, पोत्यांनी नव्हे, ट्रकांनी. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्याच गाड्यांना खाणारं मीठ उपसायचं, असा या शहराचा दुहेरी धंदा. दादा म्हणतात, ‘मीठ कुठे बघतंय जपानी का अमेरिकन? ते सगळ्यांना सारखंच खातं.’ म्हणून मियाटा नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये, रजईखाली. तिच्या बाजूला मंडळाचे ढोल, मखराच्या फळ्या, हळदीकुंकवाच्या वाणांची खोकी. वहिनींची व्हॅन बारा महिने बाहेर, बर्फात. नोकरीला त्याच व्हॅनने जायचं असल्यामुळे रोज सकाळी काचेवरचं बर्फ खरवडायचं काम वहिनींचं. आपलं काम आपण.

जुलैमध्ये मियाटा ओरडायला लागली. ब्रेक मारला की चीं करून बारीक, दात शिवशिवतील असा आवाज. दुसरा एखादा वैतागला असता. दादांच्या चेहऱ्यावर घरी मूल बोलायला लागल्याचा आनंद. ‘बोलली!’ म्हणाले. मग रस्त्यातच मला समजावून दिलं. ब्रेक पॅड म्हणजे पोलादाची एक पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. पाटीला बाजूने पातळ पत्र्याची एक जीभ असते. मसाला झिजत झिजत दोनतीन मिलिमीटरवर आला की ती जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळते. म्हणजे हा बिघाड नाहीच, ही सूचना. ‘किती सुंदर कल्पना बघ. वायर नाही, सेन्सर नाही, नुसता पत्रा!’ दोन सीटच्या गाडीत तोंड फिरवायला जागा नसते, त्यामुळे मी बघितलं.

खरं तर वहिनींच्या व्हॅनचा ब्रेक मार्चपासून असाच किंचाळत होता. ती सूचना दादांच्या कानापर्यंत पोचली नव्हती.

दुकानात विचारलं तर पुढच्या दोन चाकांचे तीनशे डॉलर आणि मागच्या दोन चाकांचे तितकेच, असं उत्तर आलं. पॅडचा जोड घरपोच पन्नासाला मिळतो. दादांनी डावा हात उडवला.

वहिनी मंडळाच्या खजिनदार आहेत. त्यांनी घरात एक वेगळी वही ठेवली आहे, तिच्यावर ‘बचत’ असं लिहिलंय. दादांनी स्वतः काम केल्यामुळे जे पैसे वाचले त्यांचा हिशेब तीत आहे. त्या उन्हाळ्यात वहीत पडलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत: जमिनीलगत सरकणारा मोठा जॅक, गाडी तोलून धरायची चार स्टँड, पाठीवर झोपून गाडीखाली सरकायची चाकांची फळी, सॉकेटचा संच, दहा नंबरचा सॉकेट हरवला म्हणून आणखी एक संच, गंजलेले बोल्ट सुटावेत म्हणून फवारायचं तेल, ब्रेक धुवायचा फवारा, सिलिकॉन ग्रीस, आणि टॉर्क रेंच. या शेवटच्या वस्तूवर दादांचा जीव आहे. नट किती घट्ट झाला ते हा पाना मोजतो; ठरवलेल्या जोराला पोचला की हातात ‘कट’ असा झटका देतो. मियाटाच्या चाकाच्या नटांना कंपनीने ६५ ते ८७ फूट-पाउंडांचा पल्ला दिला आहे. दादा ८० वर लावतात. कट झालं की क्षणभर डोळे मिटतात, आणि मग खात्रीसाठी पुन्हा एकदा कट करतात, जे पुस्तकात करू नका म्हणून लिहिलेलं आहे.

मुहूर्त धरला ऑगस्टचा पहिला शनिवार, कारण तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून हा प्रकार चालतो. डेट्रॉइटमधून निघणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा पूर लोटतो आणि लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर तो बघत बसतात. आपली लाल गाडी त्या पुरात सोडायची, ही दादांची वारी. चीं चीं करत कसं जायचं?

शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा शटर वर होतं, गाडी पुढून स्टँडवर चढलेली होती आणि दादा हाफ पँट व मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचा टी-शर्ट घालून उभे होते. मुलगा, वय वर्षं पंधरा, टॉर्च धरून. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फोन. डोळे फोनमध्ये, त्यामुळे उजेडही त्याच दिशेला.

‘अरे, उजेड मला बघायला हवाय. तुला नाही!’

जगातल्या कुठल्याही बापाने कुठल्याही गाडीखालून हेच म्हटलेलं असणार. मुलगा रविवारच्या मराठी शाळेत जातो, त्याने शुद्ध मराठीत विचारलं, ‘बाबा, आपण नेमकं कशाकडे पाहत आहोत?’ हा प्रश्न खोल होता. दादा गाडीखाली गप्प झाले.

चाकाचे चारही नट निघाले, पण चाक जागचं हलेना. मिठाची करणी. चाक ॲल्युमिनियमचं, मधला हब लोखंडी, मध्ये गंज. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना धरून ठेवलेलं. अशा वेळी टायरला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी लाथा घालाव्यात असं शास्त्र आहे, फक्त गाडी जमिनीवर असताना. दादांनी गाडी खाली उतरवली नाही. उभे राहिले, भिंतीला धरलं आणि टायरला टाचेने सणसणीत लाथ हाणली. स्टँडवरची गाडी शहारली. लाथ मारून झाल्यावर ते वाकले, टायरला उजव्या हाताने शिवले आणि तो हात छातीला लावला. दुसरी लाथ. पुन्हा नमस्कार. गाडीला पाय लागला तर नमस्कार करायचा हे सांगलीत शिकवलेलं, आणि लाथ मारायची हे मिशिगनमध्ये. दादांनी दोन्हींपैकी काही सोडलं नाही. चौथ्या नमस्काराला चाक सुटलं.

समोरच्या घरात एक म्हातारेबुवा राहतात. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले, आता निवृत्त. दादांचं शटर वर गेलं की ते कॉफीचा मोठा मग घेऊन ड्राइव्हवेच्या टोकाशी येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत. पहिल्या लाथेला त्यांचा मग ओठांपाशीच थांबला होता, पण तोंडातून शब्द नाही. चाक निघाल्यावर मात्र ते पुढे आले, काढलेलं चाक उचललं आणि गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं. म्हणजे उद्या स्टँड घसरलाच तर गाडी माणसावर न पडता चाकावर पडेल. ठेवून पुन्हा आपल्या जागी. त्या सबंध सकाळीतलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम, आणि त्याला ‘त्यात आहे काय’ लागलं नाही.

पुढचे पॅड दादांनी खरोखर छान बदलले, हे सांगायला हवं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सोडवले, कॅलिपर वर उचलला. तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी आतून तुटते. दादांनी गेल्या वर्षीच्या मखराची तार काढून तो वरच्या स्प्रिंगला बांधला. जुने पॅड हातात घेऊन तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. आतला पाटीला टेकायला आलेला, बाहेरचा चांगला पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. ‘बघ!’ म्हणाले. या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपरचं अख्खं धूड पिनांवर उलट सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतं. पिना गंजल्या की सरकणं बंद. मग सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर येतं आणि तो लवकर मरतो. हे समजावताना दादांचा आवाज खाली आला होता. काळे झालेले हात, नखात ग्रीस, कपाळावर ग्रीसचाच एक पट्टा. पिना पुसून, ग्रीस लावून त्यांनी जागेवर घातल्या आणि बोटाने आतबाहेर सरकवून पाहिल्या. लोण्यासारख्या सरकत होत्या. ऑफिसात वर्षानुवर्षं ज्या पिनेला ते कॉम्प्युटरमध्ये एक आकडा म्हणून ओळखत होते, ती प्रत्यक्षात एवढी बोटभरच असते, याचं त्यांना नवल वाटत असावं. निदान मला तरी तसं वाटलं. मग त्यांनी दहाचा सॉकेट मागितला, मी बाराचा दिला आणि वातावरण पूर्वपदावर आलं.

नवा पॅड जाड, त्यामुळे बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकांना सी-क्लॅम्प लावून दाबला की मुकाट्याने आत जातो. गेला. पाठोपाठ वरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल फुगून काठाशी आलं. रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून मुलाने जुन्या बनियनने ते टिपलं. दादा म्हणाले, ‘अर्धं काम झालं. मागची चाकं तर पोरखेळ.’

मागच्या चाकाचा पिस्टन हलेना. क्लॅम्प लावला, पिळला, आणखी पिळला. क्लॅम्पला टॉमी घालून दोघांनी पिळला. क्लॅम्प वाकला. दादांनी सिद्धांत मांडला की गंज आहे, फवारा मारला, दहा मिनिटं थांबलो. पुन्हा पिळला. मुलाने फोनवर व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाचा पिस्टन बोटाने आत गेला, पण ते पुढचं चाक होतं. जाडजूड पुस्तक उघडलं. या गाड्यांच्या पुस्तकांची एक गंमत असते. खोलायचं कसं ते पानभर चित्रांसह, आणि जोडण्याच्या वेळी एका ओळीत बोळवण, की खोललं त्याच्या उलट करा. अभिमन्यूलाही सुभद्रेच्या पोटात असताना एवढंच ऐकू आलं असणार. पुस्तकात मागच्या चाकाचं पान होतं, पण त्याच पानावर एप्रिलमध्ये ब्रेक ऑइल सांडलेलं.

तासाभराने म्हातारेबुवा दोन पावलं पुढे आले. घसा साफ केला.

‘तुमची हरकत नसेल, तर एक सुचवू का?’

आपल्याकडे असं कुणी विचारत नाही. सांगलीत एव्हाना रस्त्याने जाणाऱ्या अकरा जणांनी अकरा उपाय सांगितले असते आणि त्यातल्या एकाने कॅलिपर घरी नेला असता. हा गृहस्थ मात्र सुरुवातीपासून उत्तर घेऊन उभा होता. विचारल्याशिवाय सांगणं बरं दिसत नाही म्हणून थांबला होता.

मागच्या कॅलिपरच्या पाठीवर चौदा नंबरचा एक बोल्ट आहे. तो काढला की आत भोक. त्यात चार मिलिमीटरची ॲलन की घालायची आणि घड्याळाच्या उलट फिरवायची. पिस्टन आपोआप आत जातो. हँडब्रेकची यंत्रणा याच पिस्टनमध्ये असल्यामुळे तो आतून आट्यांवर चढवलेला असतो. दाबून जन्मात जायचा नाही, फिरवूनच जाणार. नवे पॅड बसले की उलट दिशेने टेकेपर्यंत आणायचा आणि एक तृतीयांश फेरा सैल सोडायचा. इतकंच.

दादा थोडा वेळ त्या बोल्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे मला माहीत होतं. आमच्या मॉडेलमध्ये हे आहे.’ आणि मला वाटतं ते खरंच माहीत होतं. पडद्यावर त्यांनी तो पिस्टन कितीदा तरी फिरवला असेल.

एवढ्यावर थांबतील ते दादा कसले. ‘उघडलंच आहे तर ब्रेक ऑइलही बदलून टाकू.’ ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं असताना साध्या प्रतीचं ऑइलसुद्धा २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की १४० लाच उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. बदलायला हवं हे खरं. पण त्यासाठी एअर काढावी लागते, आणि एअर काढायला पेडलवर माणूस लागतो. मुलगा टॉर्चवर, मी पान्यांवर, म्हातारेबुवा बघायला. वहिनींना हाक गेली.

वहिनी एरवी दादांना ‘अरे’ म्हणतात. गॅरेजचं शटर वर असेल तर ‘अहो’. मंडळाच्या बैठकीला जायच्या साडीत त्या मियाटात बसल्या. डबा पुन्हा भरत राहायचं काम म्हातारेबुवांनी न सांगता घेतलं. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या उजव्या.

‘दाब.’

‘दाबलं.’

‘धर.’

‘धरलंय.’

दादांनी कॅलिपरवरच्या, एअर काढायच्या निपलचा नट पाव फेरा सोडला. नळीतून काळपट, चहाच्या रंगाचं ऑइल आणि बुडबुडे बाटलीत उतरले.

‘सोड!’

‘सोडलं.’

निपल उघडा असताना पेडल सोडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. गुळगुळ असा आवाज आला.

‘अगं, आत्ता नाही सोडायचं!’

‘तुम्हीच सोड म्हणालात, अहो.’

‘तुला नाही! ह्याला म्हणालो, तो पाना सोड म्हणून!’

पाना माझ्या हातात होता. मी तो सोडला. तो दादांच्या गुडघ्यावर पडला.

पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ‘धर’ हा शब्द टॉर्चसाठी होता, पण पेडलने ऐकला. वहिनी गाडीतून उतरल्या. त्या एका मोठ्या इस्पितळात रोज सकाळी तीस जणांची कामं लावून देतात. साडीचा पदर खोचून त्यांनी दोन मिनिटांत नियम घालून दिला: पेडलच्या आज्ञा मराठीत, पान्याच्या इंग्रजीत, आणि टॉर्चशी कुणीच बोलायचं नाही. त्यानंतर चारही चाकं एका दमात झाली. बाटलीत मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल आलं. वहिनी बैठकीला वेळेवर पोचल्या. त्यांची व्हॅन गल्लीच्या कोपऱ्यावर थांबताना किंचाळलेली मी ऐकली. दादा तेव्हा टॉर्क रेंच पुसत होते.

नवे पॅड बसवून काम संपत नाही. ते मुरवावे लागतात. रविवारी सकाळी सहा वाजता मला शेजारी बसवून दादा टेन माइल रोडवर निघाले. वेगात जायचं, जोरात ब्रेक दाबून ताशी दहा मैलांवर आणायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठदहा वेळा. त्याने पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. दादा प्रत्येक वेळी ब्रेक लावून माझ्याकडे बघायचे. बोलायचे नाहीत. जळक्या रबरासारखा उग्र वास सुटला. ‘आला!’ म्हणून त्यांनी तो नाकभर घेतला. पडद्यावर वास येत नाही. पुढे सिग्नल लाल झाला आणि पूर्ण थांबायचं नाही हा नियम कायद्याशी भिडला. दादांनी उजवीकडे वळून एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली, हिरवा होईपर्यंत.

वुडवर्डला ते गेले. गर्दी इतकी, की सबंध दुपार गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. नव्या ब्रेकना काडीचं काम पडलं नाही. शेजारच्या सीटवर कुणाला बसवायचं यावरून घरात वाद होईल म्हणून तिथे टूलबॉक्स बसवला होता, पट्टा लावून.

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, ‘सगळं सामान आहेच, तर माझ्या व्हॅनचंही करून टाक.’ या वेळी ‘अरे’च होतं, सरळ मनाने. दादांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

‘छे छे. ते दुकानात देऊ. तासाभरात करून देतात. त्यासाठी शनिवार कोण घालवणार?’

वहिनींनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. काय लिहिलं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. व्हॅन घेऊन दादा स्वतःच गेले. पाऊण तासाने मला त्यांचा फोन आला, दबक्या आवाजात.

‘अरे, इथे बसायच्या जागेतून काचेपलीकडचं दिसतं. पोरगा एकटाच आहे. टॉर्च कपाळाला बांधलीय त्याने. कुणाला हाक नाही, काही नाही.’

‘मग बरंच आहे की, दादा.’

‘बरं काय? नट मशीनने घर्रकन आवळून टाकले. मोजलेच नाहीत!’

‘दिवसाला दहा-वीस गाड्या करत असेल तो. हाताला अंदाज असतो त्यांच्या.’

‘अंदाज!’ पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘थांब, मी आत जाऊन सांगतो त्याला. टॉर्क रेंच आणलाय मी, पिशवीत आहे.’